येणे आहे, येणे नाही

त्या सकाळी सोफेवाल्याच्या दुकानात दानशूरच्या कुत्र्याचा पलंग आला. चार पाय, कोरीव कठडा, वर गादी आणि गादीला कुत्र्याने दातांनी पाडलेलं भलंमोठं भोक. टेम्पोवाल्याने तो दारातच टेकवला आणि पाठ केलेला निरोप म्हणून टाकला, "साहेब म्हणाले घाई नाही, उद्या दिलंत तरी चालेल. घरचंच काम आहे."

सोफेवाल्याने हातातली स्टेपल गन खाली ठेवली, पलंगाभोवती एक फेरी मारली आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, "परत ने."

"परत?"

"साहेबांना सांग, माझ्यावर कायद्याने बंदी आलीय. घरचं काम करता येत नाही मला."

टेम्पोवाला डोकं खाजवत पलंग घेऊन गेला. सोफेवाला आत जाऊन बसला आणि त्याने स्वतःसाठी चहा मागवला. कित्येक महिन्यांत चहा इतका गोड लागला नव्हता.

दानशूर हे नाव त्याने आपल्या मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या थोरल्या भावाला, मनातल्या मनात दिलेलं होतं. तोंडावर तो त्याला 'दादा' म्हणे, कारण बायको म्हणायची. दानशूरचं बाथरूमच्या सामानाचं शोरूम होतं. मोठ्या काचेमागे कोरेकरकरीत कमोड रांगेने मांडलेले, प्रत्येकावर वरून वेगळा दिवा सोडलेला. सोफेवाल्याला ते दृश्य मनापासून आवडे. एखाद्या माणसाची योग्यता इतकी नीट उजेडात मांडलेली क्वचितच बघायला मिळते, असं त्याचं मत होतं.

आता या माणसाचे पैसे आपण घेतले कसे, हे आठवलं की सोफेवाल्याला स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटत. झालं होतं असं की एका सिनेमागृहाच्या मालकाने त्याला सगळ्या खुर्च्या नव्याने मढवायचं काम दिलं. एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा आलेलं. सोफेवाल्याने बँकेचं कर्ज काढून जाड कापड शिवायचं मशीन घेतलं, फोमवाल्याकडून उधारीवर फोम उचलला, लाल मखमलीचे तागेच्या तागे आणून टाकले. काम अर्ध्यावर आलं आणि सिनेमागृहाला टाळं लागलं. मालकाचा फोन आधी व्यस्त लागायचा, मग लागेनासाच झाला. पुढे आसपासच्या निम्म्या घरांतली स्टुलं लाल मखमलीची झाली ती काही लोकांची आवड बदलली म्हणून नव्हे.

अशा वेळी दानशूर धावून आला. धावून आला तोही जेवणाच्या टेबलावर, घरी पाहुणे असताना. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "भाऊजी, पैसे उद्याच तुमच्या खात्यावर टाकतो. तुम्हाला जमेल तेव्हा द्या. नाही दिलेत तरी मी काही विचारायला येणार नाही. आपल्यात हिशेब कसला?" पाहुण्यांनी माना डोलावल्या. सोफेवाल्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं. ते पाणी आठवलं की त्याला अजूनही ओकारी येई.

विचारायला दानशूर खरंच कधी आला नाही. त्याचे सोफे आले. आधी हॉलमधला मोठा सोफा, मग शोरूममधल्या खुर्च्या, मग त्याच्या हिशेबनिसाची फिरती खुर्ची, मग कुठल्याशा मित्राच्या गाडीच्या सीटा. कापड, फोम, मजुरी सगळं सोफेवाल्याच्या अंगावर. एकदा त्याने हिंमत करून विचारलं, "दादा, हे त्यातून वळतं करून घेऊ या का?" दानशूरने दोन्ही कानांना हात लावले. "छे छे! काय बोलताय भाऊजी! ते वेगळं, हे वेगळं. मी काय सावकार आहे?"

मग सोफेवाल्याने पोटाला चिमटा घेऊन थोडे पैसे जमवले आणि पाकिटात घालून नेऊन दिले. दानशूरने पाकीट उघडूनही पाहिलं नाही. ते परत सोफेवाल्याच्या खिशात कोंबलं, वर खिशावर दोनदा थापटलं. "ठेवा. आत्ता गरज तुम्हाला आहे." पुढच्याच आठवड्यात एका मावसभावाने सोफेवाल्याला रस्त्यात गाठून सांगितलं, "दादा म्हणत होते, अजून एक छदाम आला नाही, पण मी शब्दाने विचारत नाही. त्याला मोठं मन लागतं बाबा!"

म्हणजे हा माणूस पैसे घेणारही नव्हता आणि सोडणारही नव्हता. सोफेवाल्याने आयुष्यभर लोकांच्या बुडाखालच्या गाद्या शिवल्या होत्या, लोक कसे बसतात ते त्याला कळत असे. दानशूर त्याच्या छातीवर बसला होता आणि त्याला तिथं फार आरामशीर वाटत होतं.

शेवटी बँकेची नोटीस आली आणि सोफेवाल्याला सल्लागार बाईंकडे जावं लागलं. बाईंचं ऑफिस एका दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून ड्रिलचा आवाज येई आणि बाई साधारण त्याच सुरात बोलत. खोलीत एक टेबल, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि फायलींनी फुगलेलं कपाट. खुर्च्यांवर बसताच सोफेवाल्याच्या कमरेत कळ आली. बाईंकडे येणाऱ्या माणसाने फार वेळ बसू नये अशी सोय असावी.

"दोन रस्ते आहेत," बाई म्हणाल्या. "एक, तुम्ही तुमचं सगळ्यांशी तोंडी जुळवून घ्या. कोण थांबेल, कोण थांबणार नाही, ती ज्याची त्याची मर्जी. दुसरा, आमच्याकडून रीतसर. सगळ्या घेणेकऱ्यांची नावं एका कागदावर. दर महिन्याला तुम्ही एक ठरावीक रक्कम भरायची, ती ज्याच्या त्याच्या प्रमाणात वाटली जाईल. पाच वर्षं. त्यानंतर जे उरेल ते सुटलं."

"आणि दुकान?"

"योजना मंजूर झाली तर दुकानाला कुणी हात लावत नाही. नाही झाली तर बँक कुलूप ठोकेल. कोणाकोणाचं देणं आहे?"

"बँकेचं. फोमवाल्याचं."

"आणखी?"

"आणखी नाही."

बाईंनी पासबुकाची प्रत त्याच्यासमोर सरकवली आणि एका ओळीवर पेन टेकवलं. "हे कोण?"

"ते घरचे आहेत."

"घरच्यांचं देणं नाही?"

सोफेवाला गडबडला. "देणं आहे. पण हिशेब नाही."

"असले फार येतात इथे," बाई कंटाळून म्हणाल्या आणि दानशूरचं नाव लिहून घेतलं. "लपवलंत आणि नंतर उघडकीस आलं तर योजना रद्द. यांना आमचं पत्र जाईल. खाली दोन चौकोन असतात. येणे आहे, येणे नाही. एकात खूण करायची आणि सही. महिनाअखेरपर्यंत."

"सही नाही केली तर?"

"फाइल पुढे जाणार नाही. आणि एक नीट ऐका. आता मधल्या काळात यांतल्या कुणालाही बाहेरून काही द्यायचं नाही. पैसे नाही, वस्तू नाही, काम नाही."

"कामसुद्धा नाही?"

"कामसुद्धा नाही. एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी, असं चालत नाही."

सोफेवाला त्या कंबर मोडणाऱ्या खुर्चीत पहिल्यांदा मागे टेकून बसला. एवढं सुंदर वाक्य त्याला आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. कुत्र्याचा पलंग परत गेला तो त्या वाक्याच्या जोरावर.

पलंग परत पोचला त्याच दिवशी दुपारी बाईंचं पत्रही दानशूरला पोचलं. संध्याकाळी सोफेवाल्याच्या घरचा फोन वाजला. बायकोने उचलला आणि कानापासून चांगला वीतभर लांब धरला. तरी सगळं ऐकू येत होतं.

"माझं नाव बँकेच्या शेजारी? फोमवाल्याच्या खाली? मी घेणेकरी? अगं, मी भाऊ आहे तुझा! चौकोनात खूण करा म्हणे! उद्या आईला विचाराल, दूध पाजलंस त्याचं येणे आहे की नाही! सांग त्यांना, मी असल्या कागदावर सही करणार नाही. आपल्या घराण्यात असले कागद होत नाहीत!"

"बरं दादा," बायको म्हणाली आणि फोन ठेवला.

"घराणं!" सोफेवाला फिस्कारला. "कमोड विकणाऱ्याचं घराणं! त्याला काय, 'येणे नाही' वर खूण केली तर त्याच्यापुढे मान खाली घालून कोण उभं राहणार? आणि 'येणे आहे' वर केली तर सावकार ठरला. दोन्हीकडून पंचाईत. म्हणून तो कागद असाच पडून राहणार, माझं दुकान गेलं तरी."

बायको ताटं मांडू लागली. ती मुळात कमी बोलायची, आणि दानशूरबद्दल तर मिठाची गुळणीच धरून असायची. याचाही सोफेवाल्याला राग होता. भाऊ म्हटला की हिची वाचा बसते. मंगळवारी आणि शुक्रवारी ही बया सकाळीच आवरून भावाकडे जाते ती थेट दिवे लागल्यावर परत येते. येते ती दमून, आणि जेवून लगेच आडवी होते. भावाच्या घरी खुर्चीत बसून, गप्पा मारून आणि चरून माणूस दमतो कसा, हे कोडं त्याने फोमवाल्यालाही घातलं होतं. फोमवाला हसला होता. "माहेरचं वेड," असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. "काय, मिरवून आलीस?" असं तो तिला दर खेपेला विचारायचा आणि आपल्या टोमण्यावर आपणच खूश व्हायचा.

पण त्या रात्री जेवताना ती आपणहून म्हणाली, "शनिवारी दादाचा पन्नासावा वाढदिवस आहे. बाईंकडून कागदाची दुसरी प्रत आणा आणि तिथं घेऊन चला."

"वाढदिवसाला? सगळ्यांसमोर?"

"पैसे सगळ्यांसमोरच दिले होते ना? सहीपण सगळ्यांसमोरच मागा."

सोफेवाल्याने तिच्याकडे जरा आदराने पाहिलं, पण फक्त जरा. हे आपल्याला आधी सुचायला हवं होतं, असं त्याला वाटलं.

शनिवारी दानशूरचा हॉल माणसांनी भरला होता. आत शिरताच सोफेवाल्याने नेहमीप्रमाणे आधी माणसं नाही, खुर्च्या पाहिल्या. त्यातली एकही त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय राहिली नव्हती. सोफा त्याचा, त्यावरच्या उशा त्याच्या, कोपऱ्यातली झुलती खुर्चीही त्याचीच. टाइल्सवाले, नळवाले, नळवाल्यांच्या बायका, सगळे त्याच्या फुकटच्या फोमवर बसून केक खात होते. कुत्रा फाटक्या पलंगावर पसरला होता आणि पाहुण्यांना दानशूर सांगत होता, "कारागीर मिळत नाहीत हो हल्ली!" सोफेवाल्याला पाहताच त्याने हात पसरले. "या भाऊजी! या! बसा ना, तुम्हीच केलेलं आहे सगळं!" आणि मागच्या माणसांकडे बघून डोळा बारीक केला. हे आमचे ते, असा त्या डोळ्याचा अर्थ होता. ते म्हणजे काय, हे तिथं प्रत्येकाला ठाऊक असावं.

बायको आल्या आल्या आत निघून गेली. सोफेवाला केकची बशी घेऊन भिंतीशी उभा राहिला. कागद खिशात होता. दानशूर एकटा सापडायला नको होता, चांगला घोळक्यात सापडायला हवा होता, म्हणून तो संधीची वाट बघत होता.

शेजारी एक टकलू टाइल्सवाला येऊन उभा राहिला. "तुम्ही दादांचे कोण?"

"नातेवाईक."

"मग तुम्हाला माहीत असेल." टाइल्सवाल्याने आवाज खाली आणला. "त्यांनी सासूबाईंसाठी ती बाई ठेवलीय ना, फार चांगली आहे हो. मी एकदोनदा पाहिलंय. म्हातारीचं सगळं करते. अंघोळ, कपडे, अंथरुणातलं सुद्धा, आणि तोंडातून चकार शब्द नाही. आमच्याकडेही आई पडून आहे. विचारावं म्हणतो. महिन्याला किती घेते, काही कल्पना?"

"कोण बाई?"

टाइल्सवाल्याने हनुवटीने आतल्या बोळाकडे खूण केली. बोळातून सोफेवाल्याची बायको येत होती. येताना नेसलेली चांगली साडी तिने कमरेला खोचली होती, हातात पाण्याचा टब होता आणि खांद्यावर मळकी चादर.

ही माझी बायको आहे, या घराची मुलगी आहे, एवढंच सोफेवाल्याने म्हणायचं होतं. जीभ उचलायला काही वजन नव्हतं. तो म्हणाला, "मला माहीत नाही." आणि मग केकची बशी तशीच कपाटावर ठेवून तो तिच्यामागे आत गेला.

शेवटच्या खोलीत दानशूरची सासू पलंगावर होती. म्हातारीचं अर्धं अंग गेलेलं. बायको तिला एका कुशीवर वळवून, एका हाताने तिला सावरत दुसऱ्या हाताने खालची चादर ओढून काढत होती. हे असं कित्येकदा केलेलं असल्याशिवाय एकटीला जमत नाही. सोफेवाल्याला कळलं, कारण जड सोफा तोही असाच एकट्याने कलता करायचा.

"हा कोण गं?" म्हातारीने विचारलं.

"आमचे हे, मावशी." मग नवऱ्याला, "आत या नाहीतर बाहेर थांबा. दारात वारा अडतो."

"हे कधीपासून?" सोफेवाल्याने विचारलं.

"पैसे आले तेव्हापासून. वहिनी म्हणाल्या, आईला जरा बघायला येशील का? जरा म्हणाल्या होत्या."

"मला सांगितलं का नाहीस?"

ती नवी चादर खोचत होती. चारही कोपरे खोचून झाल्यावर ती म्हणाली, "विचारलंत कधी? येताच मिरवून आलीस का म्हणायचात. त्याला काय उत्तर देणार?"

सोफेवाल्याला आजवर पुष्कळ माणसांचा तिटकारा आला होता. सिनेमागृहवाल्याचा, बँकेतल्या पोराचा, दानशूरचा, दानशूरच्या कुत्र्याचासुद्धा. तो सगळा तिटकारा गोळा करून त्या वेळी कुणाच्या तोंडावर मारायचा असता तर ते तोंड त्या खोलीत भिंतीवरच्या आरशातच होतं. दोन सोफे फुकट केले म्हणून त्याने घर डोक्यावर घेतलं होतं. ही आठवड्यातले दोन दिवस अख्खे या खोलीत घालत होती आणि तो फोमवाल्याबरोबर तिच्यावर हसत होता.

"हात धुते आणि येते," ती म्हणाली. "तुम्ही कागद काढा."

बाहेर दानशूर हॉलच्या मध्यभागी उभा होता. सोफेवाल्याने आता मोक्याची वाटबीट पाहिली नाही. तो सरळ त्याच्यासमोर गेला, कागद उलगडला आणि पेन पुढे केलं. "दादा, दोन चौकोन आहेत. कुठल्याही एकात खूण करा. महिना संपत आलाय, माझं दुकान अडलंय."

गप्पा थांबल्या. क्षणभर दानशूरच्या कपाळावर आठी पडली, पण माणसं समोर दिसताच तो लगेच खुलला. बघणारे असले की या माणसाला बळ येई. त्याने सोफेवाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्यांकडे वळला.

"बघा, आमचे भाऊजी किती साधे! मी यांना थोडीफार मदत केली होती, ती परत करायला कागद घेऊन आलेत, तेही माझ्या वाढदिवसाला! भाऊजी, अहो, विसरा ते. मी माफ केलं. आज, या सगळ्यांसमोर सांगतो, माफ केलं! आता फाडा तो कागद आणि केक खा."

कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. टाइल्सवाल्याचे डोळे पाणावले. सोफेवाल्याला ती जागा ओळखीची वाटली. असाच एकदा तो स्वतः रडला होता.

"माफ केलंत तर 'येणे नाही' वर खूण करा," तो म्हणाला.

"कागद कशाला? माझा शब्द पुरे नाही?"

"पुरे आहे, दादा," मागून बायकोचा आवाज आला. पदर कमरेतून काढून, हात पुसत ती येऊन उभी राहिली होती. "माफ केलंस ना? सगळं फिटलं?"

"सगळं!" दानशूर म्हणाला.

"बरं झालं. मग मंगळवारपासून मी येणार नाही. वहिनी, मावशींसाठी बाई बघा."

"म्हणजे?" दानशूरने विचारलं.

"म्हणजे देणं होतं तोवर मी येत होते. फिटल्यावर कशाला येऊ? आणि ऑफिसातल्या बाईंनी सांगितलंय, बाहेरून काम द्यायचं नाही. चालत नाही म्हणे ते."

"अगं, असं काय करतेस!" वहिनी पुढे धावली आणि घाईत जे बोलायचं नव्हतं तेच बोलून बसली. "आजकाल अशी बाई ठेवायला महिन्याला किती पैसे पडतात, कल्पना तरी आहे का तुला? इतके कुठून आणायचे आम्ही?"

टाइल्सवाल्याने सोफेवाल्याकडे पाहिलं, मग त्याच्या बायकोकडे, आणि मग तो हातातल्या बशीकडे फार बारकाईने बघू लागला. नळवाल्यांच्या बायकांनी एकमेकींना कोपराने ढोसलं. दानशूरचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यावरची माया एकदम पुसली गेली आणि खालून शोरूमचा मालक बाहेर आला. सोफेवाल्याला त्याचा खरा चेहरा इतका नितळ कधी दिसला नव्हता. हा चेहरा त्याला जास्त आवडला.

"अस्सं," दानशूर म्हणाला. "असा हिशेब असेल तर मग हिशेबच होऊ दे. आण तो कागद."

"आत्ताच माफ केलंत ना?" सोफेवाला म्हणाला. त्याला राहवलं नाही.

"आण म्हणतो ना!"

दानशूरने टीपॉयवर वाकून 'येणे आहे' या चौकोनात अशी खूण केली की कागद फाटता फाटता वाचला. रक्कम लिहिली, पैन् पै. मग थोडं थांबून शेजारी 'व्याजासह' असं लिहिलं आणि सही ठोकली.

"पूर्ण मिळणार नाहीत हं, दादा," सोफेवाला कागदाची घडी घालत मायेने म्हणाला. "तिथं सगळे एका रांगेत असतात. बँक, फोमवाला, तुम्ही. फोमवाल्याची रक्कम जास्त आहे, तेव्हा त्याला तुमच्याहून जास्त जाईल. पण दर महिन्याला येतील, अगदी वेळेवर."

"फोमवाल्याला जास्त?" दानशूरचा आवाज चिरकला. त्याचं उत्तर द्यायला सोफेवाला थांबला नाही. कुत्र्याच्या पलंगाला वळसा घालून तो दाराकडे गेला, बायको आधीच पायऱ्या उतरत होती.

रस्त्यावर आल्यावर त्याला हसू आवरेना. दुकान वाचलं होतं. "काय तोंड झालं होतं! व्याजासह! सगळ्या नळवाल्यांसमोर! आता पन्नास माणसं सांगत फिरतील, तुझ्या भावाने टाळ्या घेतल्या आणि पैसेपण मागितले. अगं, तू नसतीस तर या कागदावर जन्मात सही झाली नसती. मानलं तुला!"

ती हसली नाही. झपाझप चालत होती. दिव्याच्या खांबाखाली आल्यावर म्हणाली, "मंगळवार-शुक्रवार आता मोकळे झाले. मी दुकानात येते. लग्नानंतर गाद्यांच्या कडांचं पायपिंग मीच शिवायची, तुमच्यापेक्षा सरळ यायचं."

"ये ना! कधीपासून सांगतोय मी!" हे त्याने कधीच सांगितलं नव्हतं, पण त्या आनंदात त्याला तसं वाटलं खरं. "मशीन पडूनच आहे. तू शिवलंस तर माझं निम्मं काम हलकं होईल."

"पगार काय द्याल?"

सोफेवाल्याला वाटलं, ती थट्टा करतेय. "पगार?" तो हसत म्हणाला. "वेडी का तू? घरातल्या माणसाला कुणी पगार देतं का? दुकान काय माझ्या एकट्याचं आहे?"

ती थांबली. वळून तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, रागाला तो लगेच उत्तर देऊ शकला असता. दानशूरच्या हॉलमध्ये उभा राहून तो स्वतः ज्या नजरेने माणसं बघत होता, त्याच नजरेने ती आता त्याला बघत होती, आणि तिचं बघून झालं की ती पुढे निघून जाईल, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

त्याचं हसू कधी गेलं ते त्यालाही कळलं नाही. खिशातल्या कागदाला त्याने उगाच हात लावला.

"किती?" त्याने विचारलं.

तिने आकडा सांगितला. तो तिने आधीच ठरवून ठेवलेला होता, आणि तो कमी नव्हता.

"आणि कागदावर," ती म्हणाली, आणि चालू लागली.